शेवटच्या घरापासून

तांबे कंट्रोलरांचा आवाज मला त्यांच्या चेहऱ्याआधी माहीत होता. तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून ते गाड्या पुकारायचे. आई मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघायची, मी तिचा पदर धरून उभी असायची, आणि वरच्या कर्ण्यातून तो आवाज यायचा. फार जाड नाही, गोडही नाही, पण शब्द न् शब्द सुटा. प्रत्येक गाडी ते दोनदा पुकारत. पहिल्यांदा सरकारी मराठीत आणि लगेच आपल्या मराठीत. "अलिबागकडे जाणारी गाडी आज उशिराने धावत आहे," असं म्हणून झालं की जरा थांबून, "अलिबागची गाडी अजून आली न्हाय. पाऊण तास तरी हाय. ज्याला चहा प्यायचा त्यानं पिऊन घ्या." माणसं हसायची आणि खरोखरच चहाला जायची.

पुढे मी कॉलेज करून घरी बसले होते, तेव्हा सागरी महामार्गाचं काम आमच्या भागात आलं. आगरदांड्याच्या वाटेवर कंपनीने पत्र्याचं ऑफिस थाटलं. त्यात एका कोपऱ्यात टेबल, संगणक आणि दारावर पाटी: माहिती कक्ष. रस्ता कुठून जाणार, कधी कुठला रस्ता बंद, सुरुंग कधी लागणार, हे गावकऱ्यांना कळवायचं काम या कक्षाचं. संगणकावर बसायला मला घेतलं. आणि गावोगाव फिरून सांगायला कोण, तर नुकतेच निवृत्त झालेले तांबे. "त्यांचा आवाज लोक ओळखतात," असं आमचे व्यवस्थापक कुलथे साहेब म्हणाले. साहेब नाशिककडचे. आवाज ओळखीचा असला की काम झालं, असं त्यांना वाटत असावं.

पहिल्या दिवशी तांबे आले ते पायात कॅनव्हासचे बूट, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, हातात छत्री आणि गालात ज्येष्ठमधाची काडी. गळा जपायची ही सवय त्यांना स्टँडवर लागली होती. थंड पाणी ते पीत नसत. मी मोठ्या मेहनतीने पहिली सूचना टाइप करून ठेवली होती. "सर्व संबंधित ग्रामस्थांना कळविण्यात येते की, प्रस्तावित कामाच्या अनुषंगाने सदर मार्गावरील वाहतूक तात्पुरत्या स्वरूपात वळविण्यात येत असून..." त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरी, तुझी आई वाचते?"

"सही करते."

"मग तिला हे सांग बघू. मी तुझी आई. सांग."

मी सूचना वाचायला लागले. त्यांनी हात वर केला. "घरी आईशी अशीच बोलतंस?"

मला हसू आलं. मग मी म्हटलं, "आये, उद्या डोंगराकडचा रस्ता बंद हाय. बाजारला जायचं तर नऊच्या आत जा, नायतर खालच्या पाखाडीच्या वाटेनं जा."

"हां. हेच टाइप कर. वरची आये तेवढी काढ."

कुलथे साहेबांना ते कागद पोरकट वाटले. पण सूचना त्याच दिवशी लावायची होती, म्हणून त्यांनी सही केली आणि पुढे तीच पद्धत पडली.

कागद लावून तांब्यांचं समाधान होत नसे. ते दारोदार जात. अंगणात उभे राहून सांगत आणि मग म्हणत, "आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं?" समोरच्या माणसाने ते स्वतःच्या तोंडाने परत म्हटल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. सरपंचांनाही त्यांनी असंच म्हणायला लावलं होतं. सरपंच रागावले. तांबे छत्रीवर दोन्ही हात ठेवून शांतपणे उभे राहिले, शेवटी सरपंचांनी म्हटलं. "कळवलं म्हणजे कळलं असं न्हाय," हे त्यांचं वाक्य ऑफिसात आम्ही चेष्टेनेही म्हणायचो. प्रत्येक घराची नोंद ते एका लांबट वहीत करत: नाव, काय सांगितलं, किती वाजता, आणि समोर सही किंवा अंगठा.

आणखी एक सवय होती. गावात शिरले की ते मुख्य रस्त्यावरच्या घरांवर थांबत नसत. सरळ टोकाला जात, सगळ्यात लांबच्या वाडीतल्या शेवटच्या घराशी, आणि तिथून सुरुवात करून मागे येत. माझी एकदा जीपमधून त्यांच्याबरोबर जायची वेळ आली. ऊन तापलेलं. मी म्हटलं, "काका, वाटेतली घरं करत करत पुढं गेलो असतो तर?"

ते म्हणाले, "आमची बौद्धवाडी गावाच्या टोकाला. गावात काय ठरलं ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळायचं. विहीर उपसायची ठरली, की आम्हाला कधी कळणार, तर गढूळ पाणी आल्यावर. माझा बाप म्हणायचा, आपल्या कानापर्यंत येईस्तोवर बातमी शिळी होते." छत्रीच्या टोकाने त्यांनी समोरचं घर दाखवलं. "म्हणून मी हितून सुरू करतो. शेवटच्याला पहिलं कळू दे. रस्त्यावरच्यांना कसं पण कळतं."

त्यांच्याकडे उत्तरं तीनच प्रकारची होती. "मला ठाऊक हाय", "मला ठाऊक न्हाय" आणि "मला ठाऊक हाय, पण सांगू नको म्हणून सांगितलंय." या तिसऱ्या उत्तरावरून कुलथे साहेबांशी त्यांचे खटके उडत. साहेब म्हणत, "अहो, त्यापेक्षा माहीत नाही म्हणा ना." तांबे म्हणत, "ते खोटं होईल."

एकदा मोजणीची माणसं माळखार गावात भिंतींवर लाल रंगाच्या खुणा करून गेली. कोणाची भिंत जाणार, कोणाचं घर जाणार, हे लोकांना त्या रंगावरून कळलं. रुकय्या खाला म्हणून एक विधवा बाई होत्या, त्यांच्या ओटीवर अशी खूण पडली. त्यांनी राखेने ती घासली. रंग जाईना, तेव्हा त्यावर चादर वाळत घातली. ती चादर महिनाभर तिथून हलली नाही. तांब्यांना हे कळलं त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. साहेबांच्या टेबलासमोर उभे राहून ते म्हणाले, "माणसाला त्याचं घर जाणार हे भिंतीनं सांगायचं? आधी मी त्या घरात बसणार, मग रंग लागणार. न्हायतर ही वही घ्या."

साहेबांनी मान्य केलं. तांबे खालांकडे गेले. मी कागदपत्रं घेऊन बरोबर होते. खालांनी चहा ठेवला, आम्हाला बसायला सांगितलं, आणि तांबे बोलायला लागले तशा म्हणाल्या, "पहले चाय पियो, भाई. मग सांगा. चहा होईपर्यंत तरी घर माझं आहे." चहा होईपर्यंत कोणी बोललं नाही. मग तांब्यांनी सांगितलं: ओटी आणि पुढची खोली जाणार, मागचं घर राहणार, मागचा आंबा राहणार की नाही हे मला ठाऊक नाही. खालांनी ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं. "आंब्याचं ठाऊक नाही" इथपर्यंत आल्यावर त्या मागच्या दाराकडे बघायला लागल्या. तांबे खाली मान घालून बसले होते. वहीवर सही घेताना त्यांनी टोपण काढलेलं पेन बराच वेळ नुसतंच धरलं होतं.

माळखारच्या डोंगरातून रस्त्यासाठी खिंड काढायची होती. तिथे सुरुंग लागणार होते. दिवसातून एकच वेळ, दुपारी बारा, असं ठरलं होतं. त्या काळात तांब्यांचा घसा सारखा बसायचा, म्हणून तो ठीक असताना साहेबांनी त्यांच्याकडून एक ध्वनिमुद्रण करून घेतलं. रिक्षावर कर्णा लावून ते गावातून फिरायचं. अजूनही मला ते पाठ आहे. "सुरुंग लागायच्या आधी तीन भोंगे होतील. भोंगा झाला की घरात थांबा. सांगितलेल्या वेळेनंतरच वर जा. वेळ आम्ही घरी येऊन सांगू."

डोंगराच्या पायथ्याला पहिलं घर भिकू नानांचं. नाना म्हणजे सत्तरीतला, कानाने अधू, पण हाडापेराने धडधाकट माणूस. बायको सोनाकाकी. मुलं मुंबईला. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, त्यांचा गवताचा तुकडा होता आणि दिवाळीनंतर ते रोज वर जात. नानांना ऐकू येत नाही म्हणून तांबे त्यांच्यासमोर उकिडवे बसायचे, बोटांनी दाखवायचे आणि ओठ मोठे हलवून सांगायचे. नानांना परत म्हणून दाखवायची भारी हौस. शाळेतल्या मुलासारखे हात बांधून ते मोठ्याने म्हणत, "बाराला फुटणार. एकच्या आत वर जायचं न्हाय. एकनंतर मोकळं." आणि म्हणून झालं की, "पास का रे, कंट्रोलर?" तांबे म्हणत, "पास." मग दोघं हसत. सोनाकाकी आतून ओरडायची, "तुमची शाळा झाली असंल तर च्या घ्या."

तो गुरुवार होता. बाराला सुरुंग झाला. तांबे पायथ्याशीच होते. आवाज झाला, भोंगा वाजून सगळं मोकळं झाल्याचं कळलं, आणि ते गावातल्या टपरीवर चहा घेऊन पलीकडच्या वाड्यांकडे निघाले, दुसऱ्या दिवशीच्या वळणरस्त्याचं सांगायला. इकडे डोंगरावर दारू भरलेली काही भोकं उडाली नव्हती. ती दुसऱ्या दिवसावर टाकली असती तर काम अडलं असतं. साहेबांनी ती त्याच दुपारी साडेतीनला उडवायचं ठरवलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर संदेश टाकला. बारा चाळीसला.

तांब्यांचा फोन साधा, ग्रुपवरचं त्यांना मीच फोन करून सांगायची. तो संदेश मी बारा चाळीसलाच पाहिला.

साहेबांनी दिलेलं एक पत्र मी टाइप करत होते. ते संपवून तांब्यांना फोन करू, असं मला वाटलं. साडेतीनला खूप वेळ आहे असंही वाटलं. पत्र लांबलं. मग प्रिंटरमध्ये कागद अडकला. तांब्यांना मी फोन लावला तेव्हा दीड वाजत आला होता. ते सगळ्यात लांबच्या वाडीत पोचले होते. "साडेतीन," मी म्हटलं. "साडेतीन," त्यांनी परत म्हटलं आणि फोन ठेवला.

बरोबर एक वाजता भिकू नाना विळा घेऊन वर गेले होते.

तांब्यांनी तिथूनच सांगायला सुरुवात केली. शेवटच्या घरापासून. ड्रायव्हरने नंतर मला सांगितलं की ते त्या दिवशी धावत होते. पण एकही घर सोडत नव्हते. प्रत्येक दारात सांगत, परत म्हणायला लावत, वहीत लिहीत. डोंगराच्या पायथ्याशी जीप आली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सोनाकाकी अंगणात भात पाखडत होती.

"नाना कुठायत?"

"वर गेलेत. तूच सांगितलंस ना, एकनंतर मोकळं."

ड्रायव्हर म्हणाला, तांब्यांनी छत्री तिथेच टाकली आणि ते पाखाडीच्या पायऱ्या चढायला लागले. चढता चढता ओरडत होते. तो आवाज खाली भातखाचरांत काम करणाऱ्यांनाही ऐकू गेला, इतका मोठा. फोन लावत होते, पण डोंगराच्या त्या कुशीत फोन लागत नसे. तीन भोंगे झाले. निशाण धरून उभ्या असलेल्या माणसांनी वर नजर टाकली होती, पण नाना करवंदीच्या जाळीच्या सावलीत भाकरी सोडून बसले होते. ते कोणाला दिसले नाहीत आणि भोंगे त्यांना ऐकू आले नाहीत. तांबे अर्ध्या वाटेवर पोचले होते तेव्हा सुरुंग झाला.

एकच दगड लागला होता, असं सगळे म्हणाले.

तांबे वर पोचले तेव्हा नाना गेले होते. खाली आणताना तांब्यांनी डोक्याकडची बाजू धरली आणि ती शेवटपर्यंत कोणाला दिली नाही. अंगणात आणल्यावर सोनाकाकीने हंबरडा वगैरे काही फोडला नाही. ती तांब्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू सांगितलंस तसंच केलं रे त्यांनी."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तांब्यांना केबिनमध्ये बोलावलं. पातळ पत्र्याची भिंत, माझ्या टेबलापर्यंत सगळं ऐकू यायचं. साहेबही रात्रभर झोपलेले नव्हते, आवाजावरून कळत होतं.

"तांबे, चौकशी होणार. तुमची वही मागतील. भिकूचा अंगठा आहे ना तुमच्याकडे?"

"हाय. सकाळचा. बाराच्या सुरुंगाचा."

"खाली एक ओळ लिहा. साडेतीनची वेळ कळवली. अंगठा वर आहेच. कोण विचारतंय?"

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"साहेब, त्यांनी मला बरोबर म्हणून दाखवलं होतं. बाराला फुटणार, एकनंतर मोकळं. ते चुकले न्हायत. आता मी त्यांना चुकीचं ठरवू?"

"मग चूक तुमची ठरेल."

"ठरू द्या."

"माझी नाही, सांगून ठेवतो. हे बघा. मी बारा चाळीसला टाकलाय मेसेज."

मी माझ्या खुर्चीत बसून होते. समोरच्या पडद्यावर कालचं पत्र तसंच उघडं होतं. आता साहेब तांब्यांना विचारतील, मग तांबे बाहेर येऊन मला विचारतील, असं मला वाटलं. तांबे बाहेर आले. माझ्या टेबलाशी थांबले. वही काखेत होती. "पंखा लाव जरा, पोरी," एवढंच म्हणाले आणि बाकावर बसून राहिले.

चौकशीला सरकारी अधिकारी आले. ग्रामपंचायतीच्या सभागृहात गाव गोळा झालं होतं. तांब्यांना विचारलं, "दुसऱ्या सुरुंगाची वेळ तुम्हाला कळवली होती का?"

"कळवली होती."

"मयताला तुम्ही ती कळवली का?"

"न्हाय. मी पोचलो न्हाय."

"वेळ अपुरा होता का?"

तांबे म्हणाले, "रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच होता, साहेब. मी डोंगराकडून सुरू केलं असतं तर नाना पहिले होते."

त्या दिवसापासून एका दिवसात दुसरा सुरुंग लावायचं बंद झालं. साहेबांची बदली झाली. तांब्यांना नेमणुकीची मुदत संपल्याचं पत्र मिळालं. ते मीच टाइप केलं होतं, आणि तेही सरकारी मराठीत.

काम थांबलं नाही. खिंड रोज थोडी रुंद होत गेली. ती रुंद होईल तसं ऊन माळखारात लवकर पोचायला लागलं, कारण डोंगर आडवा राहिला नव्हता. नवीन साहेब आले, नवीन माणूस आला, पण रिक्षावरचा कर्णा जुनाच होता. त्यातून तांब्यांचाच आवाज फिरत राहिला. "सांगितलेल्या वेळेनंतरच वर जा. वेळ आम्ही घरी येऊन सांगू." रिक्षा डोंगराच्या पायथ्याशी आली की सोनाकाकी दार लावून घ्यायची. गावातली माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. बायका म्हणायच्या, वारा डोंगराकडून असला की रिक्षा नसतानाही ऐकू येतो. मला हसायला हवं होतं, पण मलाही एकदा ऐकू आला होता. जेवणाला ऑफिस बंद करताना. भर दुपारी.

एके दिवशी तांबे ऑफिसात आले. बुटांना लाल माती, कपडे नेहमीसारखे नीट, पण गालात काडी नव्हती आणि घसा बसलेला होता. नवीन साहेबांसमोर ते उभे राहिले.

"तो कर्णा बंद करा, साहेब."

"का? लोक ऐकतात तुमचं. उलट तुमचा मानच आहे."

"तो माझा आवाज हाय."

"कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग आहे, काका. कंपनीचं आहे ते."

तांब्यांनी आजूबाजूला पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "मी रोज त्या बाईच्या दारात जातो. माझ्या मागोमाग माझाच आवाज येतो, की घरी येऊन सांगू. तिला मी कुठल्या तोंडानं बघू?"

ते रोज सोनाकाकीकडे जात होते हे मला तेव्हा कळलं. सुरुवातीला ती दार उघडत नसे. ते पायरीवर बसत आणि बंद दाराला सांगत, "आज बाराला सुरुंग हाय. मी खिंडीच्या कामावर विचारून आलोय. एकपर्यंत कुठं जायचं न्हाय." मग उठून जात. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. पाऊस असो, ऊन असो, त्यांच्या वाडीपासून तिथपर्यंत चालत येत. एकदा आतून काकी म्हणाली, "ज्यांना सांगायचं होतं ते गेले. आता कशाला येतोस?" तांबे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एका सकाळी काकीने दार उघडं ठेवलं. ते पायरीवर बसले तशी म्हणाली, "ऊन लागतंय तिथं. आत ये." हे मला काकीनेच पुढे सांगितलं.

तांबे ऑफिसातून गेले त्या संध्याकाळी मी संगणकातली ती फाइल काढून टाकली. रिक्षातल्या पेनड्राइव्हमधलीही काढली. साहेबांना सांगितलं, खराब झाली. पुढे शहरातून कोणाचा तरी गुळगुळीत आवाज मागवला गेला. तो गावातून फिरायला लागला तेव्हा माणसं मान वर करूनही बघत नव्हती.

मी तांब्यांच्या घरी सांगायला गेले. बौद्धवाडीत विहाराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत. ते तांदूळ निवडत बसले होते. मी म्हटलं, "काका, आवाज काढून टाकला."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस."

मी उठले नाही. तिथे बसून बारा चाळीसचं सगळं सांगितलं. पत्र, प्रिंटर, दीड. ते तांदूळ निवडतच राहिले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "साहेबांनी फोन दाखवला होता. संदेश कोणी कधी पाहिला ते त्यावर होतं."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"तुझं वय काय?" त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच म्हणाले, "तुझं नाव घेतलं असतं तर मला झोप लागली असती, असं तुला वाटतं? बारा चाळीसला मी टपरीवर होतो. नानांचं घर तिथून दिसतं. तू तेव्हा सांगितलं असतंस, तर मी पहिला नानांकडे गेलो असतो, की नेहमीसारखा टोकाला गेलो असतो? तेवढंच मी बघत असतो. रोज मनात टपरीवर उभा राहतो, तुझा फोन येतो, आणि कुठं वळलो ते मला दिसतच न्हाय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जा आता. गाडी सुटेल."

त्यानंतर मी नोकरी सोडली आणि पेणला दुसरीकडे लागले. तांब्यांना भेटायला जायचं मनात होतं, गेले नाही. खरं म्हणजे जाववलं नाही.

रस्ता सुरू झाल्यावर मी एकदाच त्या बाजूने गेले. मावशीकडे श्रीवर्धनला निघाले होते. बस माळखारच्या खिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना उभा कापलेला लाल डोंगर, वरून लोंबणारी मुळं, मध्ये गुळगुळीत डांबर. सुटीचा दिवस होता. हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि त्या भरधाव चालल्या होत्या. खिंडीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला दोन माणसं उभी होती. सोनाकाकीच्या डोक्यावर कपड्यांचं बोचकं होतं. तिच्या बाजूला तांबे. खूप वाळले होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं आणि पायांत चपला होत्या.

काकी गाड्यांकडे बघत होती, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तांबे रस्त्याकडे बघतच नव्हते. ते वर बघत होते, कापलेल्या कड्याच्या माथ्याकडे, जिथे आता नुसतं आभाळ होतं. आमच्या बसच्या ड्रायव्हरने वेग कमी केला आणि हात केला, जा म्हणून. तांबे हलले नाहीत. तेव्हा काकीने एका हाताने डोक्यावरचं बोचकं धरलं, दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट घट्ट पकडलं, आणि लहान पोराला न्यावं तसं त्यांना ओढत रस्त्यापलीकडे नेलं.

मी खिडकी उघडून हाक मारणार होते. पण बस पुढे निघाली होती, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, आणि पलीकडे पोचल्यावरही काकीने त्यांचं मनगट सोडलं नव्हतं.